मेल पोचला, मजकूर हरवला!

ऑफिसात नवा लॅपटॉप मिळाला की पहिला तासभर कसं एकदम मस्त वाटतं. कीबोर्डमध्ये बिस्किटाचा चुरा नाही, स्क्रीनवर कुणाच्या बोटांचे ठसे नाहीत. आयटीवाला मुलगा ‘सगळं टाकून दिलंय, फक्त एकदा रीस्टार्ट करा’ म्हणून पुढच्या टेबलाकडे पळतो. मग तुम्ही पहिला मेल लिहायला घेता आणि काहीतरी खटकतं. अक्षर आपलं वाटत नाही. खाली नाव, हुद्दा, फोन नंबर यातलं काहीच येत नाही. दोन ओळींमध्ये एवढी जागा, की मधून रिक्षा जाईल!

२०२५ सालच्या ऑक्टोबरनंतर हा अनुभव बऱ्याच ऑफिसांमध्ये घाऊक भावात मिळाला. १४ ऑक्टोबर २०२५ या एकाच दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या तिन्हींचा नेहमीचा सपोर्ट थांबवला. म्हणजे जुनी मशिन्स काढा, नवी आणा, ऑफिस पुन्हा टाका. टाकणारे टाकून गेले. मेलचा विस्कटलेला भांग सरळ करत बसायचं काम मात्र तुमच्याआमच्याकडे आलं.

‘फॉण्टच तर बदललाय, त्यात काय एवढं?’ असं म्हणणारा एक तरी महाभाग प्रत्येक मजल्यावर असतो. त्याला मी आता एकच गोष्ट सांगते. आमच्या कोल्हापूरच्या काकांची.

दोन दिवस बंद मशीन

मी एका कंपनीच्या खरेदी विभागात काम करते. आमचा माल ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जातो, ती खोकी कोल्हापूरचे एक छोटे कारखानदार बनवून देतात. वयानं माझ्या वडिलांएवढे, म्हणून आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. त्यांचा सगळा कारभार मोबाइलवर चालतो. ऑर्डरचा मेल गेला की तासाभरात मराठीत उत्तर येतं, ‘मिळाले. काम चालू करतो.’ बास. ना डिअर मॅडम, ना रिगार्ड्स.

नव्या मशीनवरून सोमवारी मी त्यांना ऑर्डर पाठवली. खोक्याचं माप बदललं होतं, त्याची पीडीएफ सोबत जोडली होती. सोमवारी उत्तर नाही. मंगळवारी नाही. बुधवारी सकाळी मी फोन लावला.

“मॅडम, मेल आलाय की,” काका म्हणाले. “पण खाली तुमचं ते नेहमीचं नावबिव काय नाही. अक्षरं बी निराळीच. आणि पीडीएफ कुठाय? एक कसलीतरी डॅट फाईल हाय, ती काय उघडंना. म्हटलं, कुणी फसवायला पाठवलं असंल.”

“मग काका, मला फोन का नाही केलात?”

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हटलं आमच्याच मोबाइलचं काय बिघडलं असंल. उगं तुम्हाला कशाला तरास?”

त्या दोन दिवसांत त्यांचं मशीन बंद होतं. जुन्या मापाची खोकी करून उपयोग नव्हता आणि नवं माप ठाऊक नव्हतं. रोजंदारीवरची दोन माणसं बसून होती. त्यांची मजुरी काकांनी खिशातून दिली, हे मला नंतर कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून.

तर, फॉण्टच तर बदललाय, त्यात काय एवढं!

एक मेल, तीन वेष

त्या दिवशी दुपारी मी आणि आयटीतला मुलगा डबे बाजूला सारून या प्रकरणाच्या मागे लागलो. जे सापडलं ते ऑफिसात मेल लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. कॉलेजात मात्र ते कुणी शिकवत नाही.

आउटलुकमध्ये मेल तीन वेषांत जाऊ शकतो. पहिला साधा मजकूर, म्हणजे प्लेन टेक्स्ट. ना ठळक, ना रंग, ना तक्ता. दुसरा एचटीएमएल, म्हणजे वेबपेजसारखा सजवलेला. हा जवळपास सगळीकडे चालतो. आणि तिसरा रिच टेक्स्ट. नावावरून हा तालेवार घरातला वाटतो, पण याची श्रीमंती घरातल्या घरात. समोर आउटलुक असेल तर सगळं ठीक. नसेल तर सजावट आणि जोडलेल्या फायली सगळं एका गाठोड्यात बांधलं जातं आणि त्या गाठोड्यावर चिठ्ठी लागते, ‘विनमेल.डॅट’. काकांची न उघडणारी डॅट फाईल ती हीच. माझी पीडीएफ त्या गाठोड्यात सुखरूप होती. फक्त गाठ सोडवणारं कुणी त्यांच्या मोबाइलमध्ये नव्हतं.

खरं तर बाहेर जाणारा रिच टेक्स्ट मेल वाटेत एचटीएमएलमध्ये बदलून पाठवायची सोय आउटलुकमध्ये आहे. नेहमीचं सेटिंग तेच असतं. पण आमच्या सगळ्या नव्या मशिन्ससाठी जो एकच साचा तयार केला होता, त्यात फॉरमॅट रिच टेक्स्ट होता आणि ‘बाहेरही तसाच पाठवा’ हा पर्याय निवडलेला होता. ऑफिसातल्या ऑफिसात मेल छान जात होते, म्हणून कुणाला पत्ताच नव्हता. फटका फक्त बाहेरच्यांना बसत होता, आणि बाहेरचे काही बोलत नव्हते.

दुरुस्तीला किती वेळ लागला? दोन मिनिटं. फाइल, ऑप्शन्स, मेल. तिथं ‘कम्पोज मेसेजेस इन धिस फॉरमॅट’पुढे एचटीएमएल. आणि त्याच पानावर खाली, रिच टेक्स्ट मेल इंटरनेटवर पाठवताना ‘कन्व्हर्ट टू एचटीएमएल’. झालं! काही वेळा एखाद्याच माणसाला गाठोडं जातं, बाकीच्यांना नीट. तेव्हा त्याच्या कॉन्टॅक्टमध्ये जाऊन ई-मेल पत्त्याचे गुणधर्म बघायचे. प्रत्येक पत्त्याला वेगळा फॉरमॅट लावायची सोय तिथं असते.

पाटी कोरी होते, आणि होतही नाही

रीइन्स्टॉलबद्दल आपल्या सगळ्यांची एक समजूत असते. काढून पुन्हा टाकलं की सगळं कोरं करकरीत होणार! प्रत्यक्षात उलटंच होतं. नव्या मशीनवर गेलात की हव्या त्या गोष्टी मागे राहतात, आणि त्याच मशीनवर ऑफिस पुन्हा टाकलंत की नको त्या गोष्टी चिकटून बसतात.

कारण तुमची मेलची सही, तुमचा आवडता फॉण्ट हे सगळं सॉफ्टवेअरसोबत राहत नाही. ते तुमच्या विंडोजच्या खात्यात, ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये राहतं. त्यात मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरखाली ‘सिग्नेचर्स’ असतं. उघडून बघाच एकदा. एका सहीच्या तीन फायली दिसतील, कारण मेलचे वेष तीन. जुनं मशीन हातातून जायच्या आधी ते फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलंत, तर नव्या मशीनवर सही जशीच्या तशी परत येते. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या नव्या आवृत्त्यांत सही मेलबॉक्ससोबतच ठेवायची सोय आली आहे, तिथं ही हमाली वाचते.

शेजारीच ‘टेम्प्लेट्स’ नावाचं फोल्डर असतं, त्यात ‘नॉर्मलईमेल.डॉटएम’ ही फाइल. तुमचा नवा मेल कोणत्या अक्षरात उघडणार, ओळींमध्ये किती जागा सोडणार हे इथं ठरतं. ती बिघडली असेल तर ऑफिस दहा वेळा काढा आणि घाला, फॉण्ट तोच दळभद्री येणार. रीइन्स्टॉल या फाइलला हात लावत नाही ना! उपाय सोपा आहे. आउटलुक बंद करा, फाइलचं नाव बदला, आउटलुक पुन्हा उघडा. ते स्वतःच नवी फाइल तयार करतं. एवढ्यासाठी लोक अख्खी दुपार आयटीच्या दारात उभे असतात.

आणि हो, त्याही आधी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली बघा. तिथं १४० टक्के लिहिलं असेल तर फॉण्ट मोठा झालेला नाही, फक्त झूम वाढलाय. कंट्रोल दाबलेलं असताना माऊसचं चाक फिरलं की हे होतं. तुम्हाला अक्षर भोपळ्याएवढं दिसतं, समोरच्याला मात्र नेहमीएवढंच.

तुम्हाला दिसतं ते त्याला दिसत नाही

या सगळ्या भानगडीचं मूळ एकाच गोष्टीत आहे. आपण पाठवलेला मेल समोरच्याला कसा दिसतो, हे आपल्याला कधीच दिसत नाही. कागदाचं पत्र निदान जसं लिहिलं तसंच पोचायचं. मेलमध्ये आपण फक्त सूचना पाठवतो, ‘हे ठळक कर, हा फॉण्ट लाव’. ती पाळायची की नाही, हे समोरचं यंत्र ठरवतं.

फॉण्टचंच घ्या. मेलसोबत फॉण्ट जात नाही, फक्त त्याचं नाव जातं. २००७ पासून ऑफिसचा ठरलेला फॉण्ट कॅलिब्री होता. २०२३ मध्ये त्याची जागा अ‍ॅप्टोसनं घेतली. नव्या मशीनवर अक्षर परकं वाटलं त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. पण ज्याच्याकडे जुनं ऑफिस आहे, त्याच्याकडे अ‍ॅप्टोस नसण्याचीच शक्यता. मग त्याचं मशीन हाताला लागेल तो फॉण्ट लावतं आणि तुमचा घासूनपुसून बसवलेला तक्ता एका बाजूला कलंडतो.

तक्त्यांचं आणखी एक दुखणं आहे. आउटलुक २००७ पासून मायक्रोसॉफ्टनं एचटीएमएल मेल दाखवायचं काम इंटरनेट एक्स्प्लोररच्या इंजिनाकडून काढून वर्डच्या इंजिनाकडे दिलं. वर्ड मुळात कागदावर छापायच्या मजकुरासाठी घडवलेला. त्यामुळे वेबपेजसाठीच्या कित्येक क्लृप्त्या तिथं चालत नाहीत. ब्राउझरमध्ये झक्क दिसणारं न्यूजलेटर क्लासिक आउटलुकमध्ये विस्कटतं ते यामुळे. नवं आउटलुक वेबवर आधारलेलं आहे, त्याची गोष्ट वेगळी. म्हणजे एकाच नावाची दोन सॉफ्टवेअर तुमचा एकच मेल दोन तऱ्हांनी दाखवू शकतात!

आणि ते ‘जे’चं कोडं आठवतंय? ‘थँक्स जे’, ‘सी यू जे’. हा जे कोण, म्हणून किती जणांनी डोकं खाजवलं असेल! आउटलुकमध्ये :) टाइप केलं की त्याचा हसरा चेहरा व्हायचा. तो चेहरा म्हणजे विंगडिंग्ज फॉण्टमधलं इंग्रजी जे अक्षर. समोर विंगडिंग्ज नसला की हसू गायब, नुसता जे शिल्लक. आपण हसून बोलतो आणि समोरच्याला ते हसू पोचतच नाही, याचं याहून नेमकं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आपली मराठी कुठं अडते?

मराठीत मेल लिहिणाऱ्यांचा वैताग तर दुप्पट. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आणि मंगल फॉण्ट आला, तरी पुढची काही वर्षं बरीचशी मराठी शिवाजी, श्री-लिपी, कृतिदेव अशा फॉण्टमध्येच लिहिली जायची. ती अक्षरं दिसायला मराठी, आतून इंग्रजीच. समोरच्याकडे तो फॉण्ट नसला की लग्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ! मशीन फॉरमॅट झालं आणि फॉण्टची सीडी सापडली नाही, की आपलेच जुने मेल आपल्याला वाचता यायचे नाहीत. युनिकोडनं ती कटकट संपवली. देवनागरी १९९१ च्या पहिल्या युनिकोडपासून त्यात आहे. आपल्या कॉम्प्युटरपर्यंत यायला तिला उशीर झाला, एवढंच.

तरी एक गंमत अजून शिल्लक आहे. वर्ड आणि आउटलुक इंग्रजीसाठी एक फॉण्ट धरतात आणि देवनागरीसाठी दुसरा. त्याला ते ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ म्हणतात. तुम्ही इंग्रजीचा फॉण्ट आणि आकार बदलता, पण मराठी ढिम्म हलत नाही. त्यामुळे एकाच वाक्यात ‘इन्व्हॉइस’ इंग्रजीत मोठ्ठं आणि ‘पाठवले’ मराठीत मुंगीएवढं. रीइन्स्टॉलनंतर हे हटकून होतं, कारण ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी जोडायची राहून जाते. फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज इथं जाऊन मराठी जोडा. मग ‘स्टेशनरी अँड फॉण्ट्स’मध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा वेगळा रकाना दिसेल, तिथं मराठीचा फॉण्ट आणि आकार ठरवा. आधी मंगल वापरत असाल तर तो विंडोज १० पासून वेगळा मागून घ्यावा लागतो. आयता मिळतो तो निर्मला.

आणि मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हंच गेली, तर फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्डमधल्या आंतरराष्ट्रीय पर्यायांत बघा. बाहेर जाणाऱ्या मेलसाठी तिथं यूटीएफ-८ निवडायचं. एका ओळीत पंचवीस प्रश्नचिन्हं म्हणजे यंत्र तुम्हालाच विचारत असतं, ‘ही कोणती भाषा?’ तिला उत्तर देऊन टाकायचं.

साधं ते टिकतं

त्या दुपारनंतर मी मेल लिहायची पद्धत बदलली. मेल मुळात साधाच जन्माला आला. रे टॉमलिन्सननं १९७१ मध्ये एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पहिला मेल पाठवला, तेव्हा त्यात नुसती अक्षरं होती. मेलला फोटो आणि इतर फायली जोडायची आजची पद्धत आली ती १९९२ मध्ये. नॅथॅनियल बोरेन्स्टाइन हा तिच्या कर्त्यांपैकी एक. त्या वर्षी मार्चमध्ये त्यानं आपल्या गाणाऱ्या मित्रमंडळाचा फोटो आणि आवाज मेलला जोडून पाठवला होता. आजही एचटीएमएल मेलच्या पोटात बहुतेक वेळा त्याच मजकुराची एक साधी प्रत जाते. सगळा साज उतरला तरी काहीतरी वाचता यावं म्हणून.

मग आपला मेलही त्या साध्या प्रतीत उभा राहायला नको का? आता मी काकांना पीडीएफ जोडतेच, पण माप, नग, दर आणि तारीख या चार गोष्टी मेलमध्ये चार साध्या ओळींत, मराठीत लिहिते. सही लांबलचक नाही, लोगो नाही. नाव आणि माझा डायरेक्ट नंबर. महत्त्वाचा मुद्दा नुसता लाल रंगात लिहून भागवत नाही, कारण रंग पोचेलच याची खात्री नाही. ‘महत्त्वाचे’ हा शब्द मात्र पोचतो. आणि मशीन बदललं किंवा ऑफिस पुन्हा टाकलं, की पहिला मेल स्वतःच्याच खासगी पत्त्यावर पाठवते आणि मोबाइलवर उघडून बघते.

आयटीतल्या मुलानंही एक शहाणपणाचं काम केलं. नवा साचा तयार झाला की तो आता बाहेरच्या तीनचार पत्त्यांवर चाचणीचे मेल पाठवतो. आतल्यांना विचारून कळत नाही, हे त्यालाही पटलंय.

काकांचं म्हणाल, तर त्यांची तारीख आम्ही तीन दिवस पुढे ढकलून दिली. बुडालेली दोन दिवसांची मजुरी आमच्या साहेबांनी पुढच्या बिलात धरायला सांगितली. काका आधी नकोच म्हणत होते. परका दिसणारा मेल न उघडण्याचा त्यांचा शहाणपणा मात्र मी आमच्या अख्ख्या मजल्याला सांगितला. हल्ली फसवणुकीचे मेल ओळखायला पगारी माणसांना ट्रेनिंग द्यावं लागतं, ते त्यांना उपजतच होतं.

पण त्यांचं ते एक वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही, ‘आमच्याच मोबाइलचं काय बिघडलं असंल.’ मोठ्या ऑफिसातून मेल आला आणि उघडला नाही, तर छोट्या माणसाला आपलंच चुकलं असं वाटतं. तो विचारत नाही, थांबतो. त्याच्या थांबण्याचा हिशेब आपल्या कुठल्याही एक्सेल शीटमध्ये येत नाही. म्हणून मेल पाठवून दोन दिवस उत्तर आलं नाही, तर ‘जेंटल रिमाइंडर’ पाठवू नका. तोही त्याच वेषात जाणार! सरळ फोन उचला आणि विचारा, “काका, मेल उघडला ना?”